बुडाली की बुडवली?

गेल्या हिवाळ्यात एका जिल्ह्याच्या ठिकाणी 'साहित्य आणि समाज' या विषयावर दोन दिवसांचे चर्चासत्र झाले. आम्ही दोघेही तेथे निबंधवाचनासाठी गेलो होतो. समारोपाच्या भाषणात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी एक वाक्य उच्चारले आणि सभागृहाने त्याला टाळ्या दिल्या. 'बँका बुडतात, राज्ये बुडतात. पण ज्या समाजाजवळ साहित्य असते तो समाज बुडत नाही.' दाखला म्हणून त्यांनी आइसलँडचे नाव घेतले. जेमतेम तीन लाखांवर वस्तीचा देश, मध्ययुगीन सागांचे वैभव, नोबेल पारितोषिक मिळालेला कादंबरीकार, आणि २००८ साली देशातील तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळूनही पुन्हा उभा राहिलेला समाज. सर आम्हां दोघांनाही गुरुस्थानी आहेत. शिवाय समारोपाच्या भाषणानंतर प्रश्न विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या आणि मांडवाबाहेर येऊन चहा घेतला.

त्या टाळ्यांचे ओझे उतरवण्यासाठी हा लेख आहे. आमचे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर, आइसलँडचा दाखला सरांच्या विधानाला पुष्टी देत नाही. तो ते विधान मुळापासून खोडून काढतो. तेथे साहित्याने बँका बुडण्यापासून वाचवल्या नाहीत. उलट त्या बुडवण्याच्या कामी साहित्याचा वापर झाला. आणि साहित्याचा जो खरा उपयोग तेथे झाला, तो सरांच्या भाषणात आलाच नाही.

१.

प्रथम हिशेब पाहू. 'अर्थशास्त्र हा आपला विषय नव्हे' असे म्हणून हिशेब टाळण्याची आपल्या विद्याशाखेची जुनी सवय आहे. पण ज्याला पंचवीस पानांची वंशावळ ध्यानात ठेवून सागा वाचता येते, त्याला हा हिशेब अवघड वाटण्याचे कारण नाही.

२००३ पर्यंत आइसलँडच्या सरकारी बँकांचे खासगीकरण पूर्ण झाले. लान्ड्सबांकी ही बँक ज्यांनी विकत घेतली त्यांनी खरेदीच्या रकमेचा काही भाग त्याच सुमारास विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या बँकेकडून कर्जाऊ घेतला होता. म्हणजे नव्या संसाराची पहिली चूलच उसन्या विस्तवावर पेटली. पुढील काळात लान्ड्सबांकी, कौपथिंग आणि ग्लिटनीर या तीन बँका सात वर्षांत सुमारे वीसपट वाढल्या. २००८ साली त्यांची एकत्रित मालमत्ता देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास दहापट झाली होती. येथे 'मालमत्ता' हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. बँकेच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणजे मुख्यतः तिने दिलेली कर्जे. देश वर्षभर राबून जे मिळवतो त्याच्या दहापट रक्कम तिघांनी मिळून वाटून टाकली होती, असा त्या आकड्याचा अर्थ होतो.

हा पैसा आला कोठून? आरंभी परदेशी रोखेबाजारातून. २००६ च्या मार्चमध्ये डेन्मार्कच्या डान्स्के बँकेने आइसलँडच्या अर्थव्यवस्थेविषयी धोक्याचा इशारा देणारा अहवाल प्रसिद्ध केला आणि बाजार साशंक झाला. तेव्हा लान्ड्सबांकीने दुसरा मार्ग शोधला. ऑक्टोबर २००६ मध्ये तिने ब्रिटनमध्ये 'आइससेव्ह' नावाचे, इंटरनेटवरून चालणारे, आकर्षक व्याजाचे बचत खाते सुरू केले. मे २००८ मध्ये, म्हणजे बुडण्याच्या पाच महिने आधी, तेच खाते नेदरलँड्समध्ये उघडले. ब्रिटनमधील तीन लाख आणि नेदरलँड्समधील लाखाहून अधिक लोकांनी त्यात ठेवी ठेवल्या. ठेवीदारांची संख्या खुद्द आइसलँडच्या लोकसंख्येहून मोठी झाली. आइसलँडच्या बँकांत पैसे ठेवणाऱ्यांत ब्रिटनमधील शंभरहून अधिक स्थानिक स्वराज्य संस्था होत्या, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही विद्यापीठेही होती. विद्वत्ता आणि विवेक एकाच पिशवीत मिळतात असे मानणाऱ्यांनी या शेवटच्या तपशिलाची नोंद घ्यावी.

आणि हा पैसा गेला कोठे? येथे खरी मेख आहे. तिन्ही बँकांच्या सर्वांत मोठ्या कर्जदारांत त्या बँकांचे मालकच होते. मालकाने आपल्याच बँकेतून कर्ज घ्यायचे, त्या कर्जातून त्याच बँकेचे शेअर घ्यायचे आणि कर्जाला तारण म्हणून तेच शेअर ठेवायचे. खेड्यातल्या सावकारानेही असे तारण घेतले नसते, कारण गहाण आलेला दागिना आपल्याच तिजोरीतून गेलेला आहे हे त्याला ओळखता आले असते. शेअरचा भाव चढता होता तोवर सगळेच श्रीमंत दिसत होते. बँकांना पैशाची चणचण भासू लागली तेव्हा त्यांनी आपापले रोखे लहान वित्तसंस्थांच्या हातून मध्यवर्ती बँकेत गहाण टाकले आणि तेथून रोकड उचलली. या रोख्यांना आइसलँडमध्ये 'प्रेमपत्रे' हे नाव पडले. ही उपमा आमची नव्हे. लिहिणाऱ्याच्या शब्दापलीकडे त्या कागदाला काही आधार नव्हता, एवढेच त्या नावातून सुचते.

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. २९ सप्टेंबरला ग्लिटनीरमध्ये पाऊण हिस्सा घेण्याचे आइसलँडच्या सरकारने जाहीर केले. ६ ऑक्टोबरला पंतप्रधान गेइर हार्दे दूरचित्रवाणीवर आले आणि देव आइसलँडचे भले करो, अशा शब्दांत त्यांनी भाषण संपवले. ९ तारखेपर्यंत तिन्ही बँका सरकारच्या ताब्यात गेल्या होत्या. दरम्यान ८ तारखेला ब्रिटिश सरकारने लान्ड्सबांकीची मालमत्ता गोठवली, तीही २००१ च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली.

सामान्य माणसाचे काय झाले? घरासाठी, मोटारीसाठी त्याला येन आणि स्विस फ्रँक यांच्या दराशी बांधलेली कर्जे विकण्यात आली होती. पगार मात्र त्याला क्रोनामध्येच मिळत होता. क्रोनाचे मोल जवळपास निम्म्यावर आले तेव्हा एकही नवा पैसा न उचलता त्याचे कर्ज दुप्पट झाले. जून २०१० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने चलनदराशी बांधलेली अशी कर्जे बेकायदेशीर ठरवली. म्हणजे ज्या कागदावर त्याने सही केली तो कागद मुळातच कायद्यात बसत नव्हता. बँकेच्या कायदेतज्ज्ञांना जे कळायला हवे होते ते सही करणाऱ्या शिक्षकाला किंवा कोळ्याला कळायला हवे होते, असे कोणी म्हणू शकेल काय? तरीही 'लोकांनी ऐपतीबाहेर उड्या मारल्या' हे वाक्य आपण आजही ऐकतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्याला तोंडपाठ आहे. पण अंथरूण विकणाऱ्याने ते मोजून द्यावे, अशी म्हण आम्हांला तरी आठवत नाही.

२.

आता साहित्याकडे येऊ. देशोदेशी कंपन्या विकत घेत सुटलेल्या या नवश्रीमंतांना आइसलँडमध्ये 'स्वारीवर निघालेले व्हायकिंग' अशा अर्थाचे बिरुद लाभले होते. ते आरंभी थट्टेने वापरले जात नव्हते. अभिमानाने वापरले जात होते. ३ मे २००५ रोजी देशाचे राष्ट्राध्यक्ष ओलाफुर राग्नार ग्रिम्सन यांनी लंडनमधील व्यावसायिकांपुढे भाषण केले. आपल्या उद्योजकांच्या यशाचे रहस्य त्यांनी उलगडून सांगितले. जोखीम पत्करण्याची वृत्ती, नोकरशाहीचा अभाव, परस्परविश्वासावर चालणारे छोटे गट, आणि या सर्वांच्या मुळाशी अज्ञात समुद्र ओलांडणाऱ्या पूर्वजांचा वारसा, अशी ती मांडणी होती. तुम्ही अजून काहीच पाहिलेले नाही, अशा अर्थाच्या ग्वाहीने ते भाषण संपले. साडेतीन वर्षांनी श्रोत्यांनी बरेच काही पाहिले.

या भाषणात जे गुण म्हणून सांगितले आहे ते शांतपणे पुन्हा वाचावे. नोकरशाहीचा अभाव म्हणजे कर्जाच्या अर्जावर दुसऱ्या कोणाची सही लागत नाही. परस्परविश्वासावर चालणारा छोटा गट म्हणजे कर्ज देणारा आणि घेणारा एकाच टेबलावर जेवतो. जोखमीची वृत्ती म्हणजे जोखीम ठेवीदाराची आणि वृत्ती आपली. बँक तपासनीसाने आपल्या शेऱ्यात जे दोष म्हणून लिहिले असते, तेच सागांचा मुलामा चढवल्यावर राष्ट्रीय सद्‌गुण झाले. आम्ही 'साहित्याचा वापर झाला' असे म्हणतो ते या अर्थाने.

यावर सर म्हणतील की हा साहित्याचा गैरवापर आहे, त्याचा दोष साहित्याकडे नाही. हे अर्धेच खरे आहे. दावीद ओद्सन यांचे उदाहरण घ्या. १९९१ ते २००४ ते पंतप्रधान होते. खासगीकरण त्यांच्या कारकिर्दीत झाले. २००५ पासून ते मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरपदी होते. बँका बुडाल्या तेव्हाही तेच तेथे होते. हे गृहस्थ कथालेखकही आहेत, त्यांचे कथासंग्रह प्रसिद्ध आहेत. साहित्य जवळ असले म्हणजे विवेक आपोआप येतो, हा सिद्धान्त येथेच संपायला हरकत नाही.

त्याहून बोलके उदाहरण वाचकांचे आहे. हाल्डोर लाक्सनेस यांना १९५५ साली नोबेल मिळाले. त्यांच्या 'स्वतंत्र माणसे' या १९३४-३५ च्या कादंबरीत एक हट्टी मेंढपाळ शेतकरी आयुष्यभर स्वातंत्र्याचा ध्यास घेतो, पहिल्या महायुद्धाच्या तेजीत कर्ज काढून घर बांधतो, आणि तेजी ओसरल्यावर जमीन गमावतो. तेजीत मिळालेले कर्ज म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, ही गोष्ट याहून स्पष्टपणे कोणत्या अहवालाने सांगितली असती? ज्या देशात ही कादंबरी अभिजात मानली जाते त्याच देशात हे घडले. याचा अर्थ कादंबरी निष्फळ ठरली असा नव्हे. तिचे वाचन कसे झाले असेल, हा प्रश्न आहे. आपला नोबेलविजेता म्हणून कादंबरी वाचणे वेगळे आणि तिच्यात आपल्यावर काय आरोप आहे हे वाचणे वेगळे. पहिल्या वाचनातून अस्मिता तयार होते. दुसऱ्या वाचनासाठी थोडी शरम लागते.

विद्वानांच्या बाबतीत तर एक पाठभेदच उपलब्ध आहे. २००६ साली, डान्स्के बँकेच्या अहवालानंतर, आइसलँडच्या व्यापारी मंडळाने फ्रेडरिक मिश्किन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाकडून, एका स्थानिक सहलेखकासह, अहवाल लिहवून घेतला. शीर्षक होते 'आइसलँडमधील आर्थिक स्थैर्य'. २०१० च्या 'इनसाइड जॉब' या माहितीपटात असे दाखवण्यात आले की मिश्किन यांच्या परिचयपत्रात हेच शीर्षक पुढे 'आर्थिक अस्थैर्य' असे झाले होते. तो मुद्रणदोष असावा, असे त्यांनी उत्तर दिले. असेलही. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना एवढेच ठाऊक आहे की लेखनिकाच्या चुका सहसा कोणाच्याच सोयीच्या नसतात; या चुकीची दिशा मात्र फार सोयीची होती.

३.

आता आपल्या भाषेकडे. सरांच्या वाक्यातील क्रियापद पाहावे. 'बँका बुडतात.' 'बुडणे' हे अकर्मक क्रियापद आहे. नाव बुडते, सूर्य बुडतो, तशी बँक बुडते. कोणी काही केले नाही, झाले. मराठी वृत्तपत्रांनी २००८ साली 'मंदीची लाट', 'आर्थिक त्सुनामी', 'वित्तीय वादळ' अशा प्रतिमांची अतिवृष्टी केली. लाटेवर खटला भरता येत नाही आणि वादळाला शिक्षा होत नाही. आइसलँडच्या भाषेत या घटनेला जो शब्द रूढ झाला त्याचाही अर्थ 'कोसळ' असाच आहे, जणू कडा खचला.

पण हीच मराठी दुसऱ्या ठिकाणी वेगळी वागते. शेतकऱ्याचा हप्ता थकला की आपण काय म्हणतो? 'त्याने कर्ज बुडवले.' तेथे क्रियापद प्रयोजक होते, कर्ता तृतीयेत स्पष्ट उभा राहतो, त्याच्या नावावर नोटीस निघते. कर्जदार बुडवतो आणि बँक मात्र बुडते. ज्याच्या हातात नांगर आहे त्याला व्याकरणात कर्तेपण मिळते. ज्याच्या हातात सहीचे पेन आहे त्याला मिळत नाही. ही विषमता कोणा अर्थशास्त्रज्ञाने निर्माण केलेली नाही. ती आपण रोज बोलतो, लिहितो आणि वर्गात तपासून खाली बरोबरची खूण करतो.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला आरंभी फक्त एक हजार रुपये काढता येतील असे सांगण्यात आले. पुढे उघड झाले की बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे सत्तर टक्के कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेले होते आणि ते झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली होती. एकवीस हजार खाती आपोआप तयार होत नाहीत. ती कोणीतरी बसून, नावे कल्पून, लिहून काढतो. तरीही त्या दिवसांत आमच्या प्राध्यापक-कक्षात वाक्य ऐकू येत होते ते हेच: 'आणखी एक बँक बुडाली.' भाषा शिकवणाऱ्या बारा माणसांपैकी एकालाही ते क्रियापद खटकले नाही. त्या बारांत आम्ही दोघे होतो.

४.

आता सरांच्या भाषणात जे आले नाही ते सांगतो.

बँका कोसळल्यानंतर आइसलँडच्या संसदेने, म्हणजे आल्थिंगने, एक विशेष चौकशी आयोग नेमला. सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, संसदेचे लोकपाल आणि एक अर्थशास्त्रज्ञ असे तिघे त्यात होते. १२ एप्रिल २०१० रोजी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. पाने दोन हजारांहून अधिक. आयोगाने लेहमनवर सगळे ढकलले नाही. मोठे नुकसान न होता कोसळ टाळायची तर फार तर २००६ पर्यंत पावले उचलायला हवी होती, असे त्याने नोंदवले. माजी पंतप्रधान, दोन मंत्री, मध्यवर्ती बँकेचे तिन्ही गव्हर्नर आणि वित्तीय देखरेख यंत्रणेचा प्रमुख अशा सात जणांवर हलगर्जीपणाचा ठपका नावानिशी ठेवला. अहवालाला तत्त्वज्ञ-अभ्यासकांनी लिहिलेली नीतीविषयक पुरवणी जोडलेली होती. तीत प्रसारमाध्यमांची आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांनी केलेल्या उदात्तीकरणाचीही झाडाझडती होती.

अहवाल प्रसिद्ध झाला त्या दिवशी रेक्याविकच्या नगर नाट्यगृहातील नटमंडळी रंगमंचावर आली आणि त्यांनी तो पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पाळ्या लावून, दिवसरात्र, अहवाल संपेपर्यंत. संगीत नाही, नेपथ्याचा देखावा नाही, अभिनय नाही. कोणत्या बँकेने कोणत्या तारखेला कोणाला किती कर्ज दिले, एवढेच. लोक येत होते, बसत होते, ऐकत होते.

आमच्या मते आइसलँडच्या संकटात साहित्याने, निदान साहित्याच्या माणसांनी, केलेले सर्वांत मोलाचे काम हे होय. सागा मुळात पाठ म्हटल्या जात, ऐकल्या जात, असे आपण शिकवतो. कोणी कोणाला मारले, त्याची भरपाई किती ठरली, ती दिली की नाही, याचा रोकडा जमाखर्च त्यांत असतो. राष्ट्राध्यक्षांनी सागांतून शौर्य उचलले. नटांनी सागांची रीत उचलली: नाव घ्यायचे, कृत्य सांगायचे, विशेषण टाळायचे. दोन हजार पानांत कर्ता परत आणला गेला. 'कोसळ' या शब्दाच्या जागी वाक्ये आली, आणि प्रत्येक वाक्याला कर्ता होता.

याच काळात न्यायालयातही वाक्ये लिहिली जात होती. एका लहान बंदरगावातील पोलीस अधिकाऱ्याला विशेष अभियोक्ता नेमण्यात आले. सप्टेंबर २००८ मध्ये कतारच्या एका शेखने कौपथिंगचा पाच टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा घेतल्याची वार्ता बँकेवरील विश्वासाचा पुरावा म्हणून गाजवली गेली होती. त्या खरेदीचा पैसा कौपथिंगनेच पुरवला होता, हे चौकशीत निघाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या प्रमुखांसह चौघांना चार ते साडेपाच वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या. माजी पंतप्रधानांवरील खटल्यात २०१२ साली एका आरोपावर दोष सिद्ध झाला, शिक्षा मात्र झाली नाही. न्याय पुरा झाला असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांच्या सह्या होत्या त्यांतील काहींना तरी आपल्या सहीखाली उभे राहावे लागले.

आता 'समाज बुडाला नाही' या शेवटच्या मुद्द्याविषयी. आइसलँड सावरला त्याची कारणे रोकडी आहेत: बँकांचा परदेशी देणेकऱ्यांकडील बोजा सरकारने अंगावर घेतला नाही, नोव्हेंबर २००८ पासून २०१७ पर्यंत पैसा देशाबाहेर नेण्यावर निर्बंध ठेवले, नाणेनिधीचे कर्ज घेतले, आणि स्वस्त झालेल्या चलनामुळे मासळीची निर्यात व पर्यटन वाढले. आइससेव्हचा भार करदात्यांवर टाकणारे करार लोकांनी २०१० आणि २०११ मध्ये सार्वमत घेऊन दोनदा फेटाळले. रेक्याविकला युनेस्कोचे 'साहित्यनगरी' हे बिरुद २०११ मध्ये मिळाले ही आनंदाची गोष्ट आहे. पण बिरुद सावरल्यानंतर मिळाले. बिरुदामुळे कोणी सावरले नाही.

५.

येथवर आम्ही परदेशाविषयी बोललो, कारण ते सोपे असते. आता आमच्या गावाविषयी.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातील एका सहकारी पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव झाला. संस्थेचे नाव येथे देत नाही. संचालक मंडळाने आम्हां दोघांना स्मरणिकेच्या संपादनाची विनंती केली. मानधन किरकोळ होते. खरे आकर्षण मानाचे होते. आम्ही दीडशे पानांची देखणी स्मरणिका काढली. अग्रलेखात सहकाराची परंपरा थेट संतांच्या सामूहिकतेशी नेऊन भिडवली. मुखपृष्ठावर तुकोबांचे चित्र घेतले. वार्षिक ताळेबंद शेवटच्या पानांवर, जाहिरातींच्या मध्ये, बारीक टायपात टाकला. तो आम्ही वाचला नाही. त्यातील शुद्धलेखन तेवढे तपासले.

तीन वर्षांनी संस्थेने ठेवी परत करणे थांबवले. कर्जे संचालकांच्या नातलगांकडे आणि त्यांच्या भागीदारांकडे गेली होती. तारणाच्या जमिनींची किंमत कागदावर फुगवलेली होती. पतसंस्थेतील ठेवींना बँकांतील ठेवींसारखे विम्याचे संरक्षण नसते, हे आम्हांला तेव्हा कळले. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या एका बाईंनी भविष्यनिर्वाह निधीची सगळी रक्कम तेथे ठेवली होती. त्या एका दुपारी विभागात आल्या. रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, "सर, मॅडम, तुम्ही दोघांनी लिहिलं होतं ना त्या पुस्तकात? मी म्हटलं, आपल्या कॉलेजची माणसं आहेत, म्हणजे संस्था चांगलीच असणार."

परंपरा सांगते की तुकोबांच्या घरी महाजनकी होती आणि वैराग्य आल्यावर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. लोकांकडून येणे असलेले कागद त्यांनी स्वतःच्या हातांनी, जाणूनबुजून बुडवले. 'बुडवणे' या क्रियापदाचा इतका निर्मळ कर्ता आमच्या भाषेला दुसरा मिळालेला नाही. त्यांचे चित्र आम्ही कोणत्या दुकानाच्या पाटीवर लावले, हे आमच्या ध्यानात यायला त्या बाईंना जिना चढून यावे लागले. लंडनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी केले आणि आमच्या गावात आम्ही केले, यांत फरक आहे तो फक्त रकमेचा.

तेव्हा 'साहित्य समाजाला तारते' या वाक्यावर आमचा आक्षेप सैद्धान्तिक नाही. हे वाक्य आम्हांला आमच्या कामाची तपासणी करू देत नाही, म्हणून तो आहे. साहित्याचे प्राध्यापक हे गावातील नामवंत असतात. त्यांना व्यासपीठावर बसवले जाते, त्यांच्याकडून गौरवपर लेख, घोषवाक्ये, मानपत्रे लिहून घेतली जातात. या लेखनाला आपण लेखन समजत नाही, म्हणून त्याची समीक्षाही करत नाही. पण गावात सर्वांत जास्त वाचले जाणारे आपले लेखन तेच असते. आपल्या शोधनिबंधावर विसंबून कोणी ठेव ठेवत नाही. मानपत्रावर विसंबून ठेवतो.

आम्ही काय करतो आहोत तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेखही एक मानपत्रच होईल. गेल्या दोन वर्षांपासून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला व्यावहारिक मराठी शिकवताना आम्ही एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल आणि वृत्तपत्रातील जप्तीची जाहीर नोटीस शेजारी शेजारी ठेवून वाचतो. मुलांना एकच काम देतो: प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधा, नसेल तर कोण असायला हवा ते लिहा. नोटिशीत कर्ता ठळक अक्षरांत, वडिलांच्या नावासह आणि पत्त्यासह मिळतो. अहवालात 'काही कर्जे अनुत्पादक झाली', 'परिस्थितीमुळे वसुली होऊ शकली नाही' अशी वाक्ये सापडतात. यंदा एका विद्यार्थिनीने वहीत लिहिले की या अहवालात माणसे फक्त छायाचित्रांत आहेत. तिला आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले.

आणि संस्थांच्या स्मरणिका आम्ही आता स्वीकारत नाही. दोन वेळा नकार दिला. एक जुने स्नेही दुखावले आहेत. त्या बाईंना आतापर्यंत ठेवीतील थोडी रक्कम हप्त्यांनी मिळाली आहे, बाकीसाठी त्या सहकार खात्याच्या कार्यालयात खेपा घालतात. अर्ज आम्ही लिहून देतो. त्यांतील पहिल्याच वाक्यात 'संस्था बुडाली' असे न लिहिता 'संचालकांनी ठेवी बुडवल्या' असे लिहिले, तेव्हा तेथील कारकुनाने 'अशी भाषा चालत नाही' म्हणून अर्ज परत केला. आम्ही तो तसाच पुन्हा दिला आहे.

सर संगणक वापरत नाहीत. या लेखाची छापील प्रत आम्ही त्यांना टपालाने पाठवत आहोत. त्यांचे उत्तर आले तर ते येथेच, एकही शब्द न गाळता, देऊ.